ज्याने वाचलेलं नाही असा माणूस

आई दिवसभर पाणी मागते आणि पाजायला गेलं की रडते, अशी तक्रार एका बाईने लिहून पाठवली. ताईने ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि डोळे चोळत बसली. तक्रार आईबद्दल नव्हती, पुस्तिकेबद्दल होती. म्हणजे फिरून फिरून ताईच्याच गळ्यात येणार होती.

ताई पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घ्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम फुकट करायचं, असा तिचा कित्येक वर्षांचा खाक्या होता. 'पापणी' नावाचा एक प्रोग्रॅम होता. वाचा गेलेल्या, हातपाय न हलणाऱ्या माणसाने संगणकासमोर पापणी मिटली की पडद्यावरचं एकेक अक्षर, नाहीतर रोजच्या गरजेचा तयार शब्द निवडला जाई, आणि वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने म्हणून दाखवी. प्रोग्रॅम फुकट, तो बनवणारे फुकटे, आणि तो कसा वापरायचा याची पुस्तिका लिहिणारेही फुकटेच. सगळी हौशी मंडळी, एकमेकांची तोंडंसुद्धा धड न पाहिलेली. ताईच्या वडिलांना झटका येऊन त्यांची वाचा गेली, तेव्हा ती या मंडळींत ओढली गेली होती. पुढे वडील गेले, ताई मात्र राहिली. मंडळातले तिच्याहून मोठेही तिला ताईच म्हणत, आणि ताई म्हणवून घेतलं की नाही म्हणता येत नाही, हे तिला उशिरा कळलं.

"तुझी ही फुकट फौजदारी संपणार तरी कधी?" नवरा विचारायचा. त्याचा आवाज चिडका नसे. पण पडद्यावर काय चाललंय हे वाकून बघायलाही तो कधी आला नव्हता. ते ताईला लागायचं. बोलून मात्र तिने कधी दाखवलं नाही.

त्या बाईच्या आईचं दुखणं ताईला लगेच कळलं. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती. जुना प्रोग्रॅम सुरू केला की गुमान वाट बघत बसे. नवा मात्र सुरू होताक्षणी समोरच्या माणसाची पापणी मोजायला लागे आणि त्या मापावर दिवसभराचा हिशेब चालवी. पुस्तिकेतलं 'पहिला दिवस' हे प्रकरण सांगत होतं, 'यंत्र सुरू करा आणि विसरून जा. माणसाशेजारी बसा. गप्पा मारा.' लोक इमानेइतबारे तसं करत. गप्पांच्या भरात म्हातारी हसे, डोळे मिटे, पेंगे. यंत्र तेवढंच माप धरून बसे, आणि मग ती बिचारी नुसती डोळ्यांची उघडझाप करी तरी तयार शब्दांतला पहिला शब्द उमटे. पहिला शब्द होता 'पाणी'.

ताईने त्या बाईला फोन केला. "आधी बसा, बोला. मग यंत्र सुरू करा. उलट नाही." संध्याकाळी बाईचा उलटा फोन आला. आईचं पहिलं खरं वाक्य आलं होतं, 'आता पाणी पुरे.' बाई हसत होती आणि रडतही होती. ताईला बरं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच. पुस्तिका वाचणारे शेकडो होते, प्रत्येकाला काही फोन करता येणार नव्हता. दोन वाक्यांची अदलाबदल केली की काम झालं असतं, पण नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

कारण 'पहिला दिवस' हे प्रकरण टाचणीने लिहिलेलं होतं. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या लिखाणात टोचत राहायचा म्हणून टाचणी, आणि त्यानेही ते नाव खुशीने लावून घेतलं होतं. पुस्तिकेतली बाकीची प्रकरणं कोणीही घ्यावी, कोणीही सुधारावी अशा परवान्याखाली होती. टाचणीचंही तसंच व्हायचं, पण एका उत्साही गृहस्थाने त्याच्या मूळ मजकुरात जिथे जिथे 'माणूस' होता तिथे तिथे 'वापरकर्ता' करून ठेवलं. 'वापरकर्त्याशेजारी बसा.' टाचणी असा भडकला की त्याने मजकूर पूर्ववत केला, वर एक ओळ चढवली, 'हे प्रकरण हवं तितकं छापा, वाटा. एक अक्षर बदलू नका,' आणि तो मंडळातून निघून गेला. तो गेला त्याला जमाना झाला. ताईला त्या वेळी मनातून तो बरोबर वाटला होता. आजही वाटत होता. म्हणून तर डोक्याला जास्त ताप होता.

तिने त्याला शोधलं नाही असं कोणी म्हणू शकलं नसतं. मेल टाकला, तो परत आला. जुना फोन नंबर मिळाला, तो आता एका टायरवाल्याकडे होता. टायरवाला आधी वैतागला, मग त्यालाच गोडी लागली; मधूनच तो स्वतःहून फोन करून विचारी, "सापडला का हो तुमचा माणूस?" एक जुना पत्ता निघाला. घरमालकीण म्हणाली, भला माणूस होता, खोली झाडून-पुसून दिली, कुठे जातो ते मात्र बोलला नाही. ताईने जंग जंग पछाडलं आणि शेवटी हात टेकले.

मंडळात एक वकीलबाई होत्या. त्याही फुकट. रविवारी सकाळी मटार सोलता सोलता त्या ताईशी फोनवर बोलत.

"वारला असेल तर बरं होईल हो," त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "तसं नाही म्हणायचं मला. पण वारलेल्या माणसाला वारस असतात. वारसाकडे परवानगी मागता येते. हे बेपत्ता प्रकरण फार वाईट."

"दोनच वाक्यं खालीवर करायची आहेत. कोणाला कळतंय?"

"ताई, हे तुम्ही विचारताय?"

पाठ्यपुस्तकातला एक स्वल्पविराम लेखकाला विचारल्याशिवाय न हलवणारी बाई होती ती. पण दमलं की माणूस स्वतःच्या तत्त्वांनाही कंटाळतो, आणि ताई दमली होती.

"हे बघा," वकीलबाई म्हणाल्या, "बटण कुठलं, पापणी कधी मोजली जाते, ही माहिती कोणाच्या बापाची नाही. त्याची आहे ती सांगायची ढब, त्याचे शब्द. तीच माहिती कोणीतरी नव्याने लिहावी."

"मग मीच लिहिते."

"तुम्ही? तुम्हाला ते प्रकरण तोंडपाठ आहे. मागे मला फोनवर म्हणून दाखवलं होतंत. वाचलेल्याने लिहू नये असा काही कायदा नाही, पण उद्या तो उगवला आणि म्हणाला, हे तर माझंच, तर आपल्याकडे उत्तर हवं. ज्याने ते प्रकरण वाचलेलंच नाही असा माणूस आणा. त्याला नुसती माहिती द्या आणि तुम्ही लांब व्हा. घाईवाल्याला सांगा तोवर थांबायला."

घाईवाला म्हणजे प्रोग्रॅमचं मुख्य काम बघणारा तरुण. त्याला नवी पुस्तिका महिनाअखेरीस बाहेर काढायची होती. सुधारलेलं प्रकरण आलं तर ठीक, नाहीतर प्रकरणच गाळायचं, असं त्याने कळवून टाकलं होतं. चुकीची माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण 'पहिला दिवस' गेला असता तर पुस्तिकेत बटणं, तारा आणि कोन एवढंच उरलं असतं. घरात अचानक मुकं झालेलं माणूस, आणि त्याच्याशी बोलायचं कसं या विचाराने हबकलेले घरचे, यांचा हात धरणारं तेवढं एकच प्रकरण होतं. ताईचा स्वतःचा हात त्यानेच धरला होता.

वकीलबाईंचं ऐकूनही तिने एकदा लिहून बघितलं. पहिलं वाक्य टाचणीचं आलं. ते खोडून दुसरं लिहिलं, तेही टाचणीचंच, फक्त टोपी फिरवलेली. तिने शब्द बदलले, ठेका तोच राहिला. ठेका मोडला तर वाक्य लंगडायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सांभाळत आल्यावर तिच्याजवळ स्वतःचं असं वाक्यच उरलेलं नाही, असं त्या दिवशी तिला वाटलं, आणि तिने संगणक बंद करून टाकला.

मग सुरू झाला न वाचलेल्या माणसाचा शोध. मंडळात जो तो म्हणे, मी तर ते वाचूनच इथे आलो. एकट्या घाईवाल्याने ते वाचलं नव्हतं. त्याने उत्साहाने लिहून पाठवलं, 'यंत्र सुरू करा. पापणी मिटा. अडल्यास बंद करून पुन्हा सुरू करा.' "यात आणखी लिहिण्यासारखं काय आहे?" हेही वर विचारलं. ताईने त्याचे आभार मानले.

शेवटी संध्याकाळी भांडी पुसताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही 'पहिला दिवस' वाचलंय का हो?"

"कुठला पहिला दिवस?"

"आमच्या पुस्तिकेतलं प्रकरण. खरं सांगा."

त्याने हातातलं ताट फडताळात ठेवलं, मग तिच्याकडे बघितलं. ती फडकं हातात धरून उभी होती, चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं आलेलं. "नाही," तो म्हणाला.

ताईने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच क्षणी तिला रडूही आलं. एवढ्या वर्षांत नवऱ्याने आपलं काही वाचलेलं नाही, याचा कधी काळी असा उपयोग होईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग तुम्ही लिहायचं," ती म्हणाली.

"मी? अगं, मी आयुष्यभर जळक्या गोदामांचे अहवाल लिहिले."

ते खरं होतं. नवरा विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचा. चेपलेल्या गाड्या, भिजलेली कापडं, जळालेली गोदामं बघत उन्हातान्हात हिंडायचा आणि अहवाल द्यायचा. पण तो तयार झाला. ताईने त्याला कोरडी माहिती लिहून दिली: उजेड कुठून हवा, पडदा किती लांब, आधी बसायचं, मग यंत्र सुरू करायचं. पहिलं पान त्याने दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ठेवलं.

'सदर व्यक्ती टेकून बसलेली असल्याची खात्री करावी. व्यक्तीच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड असल्याचे प्रत्यक्ष पाहावे. तफावत आढळल्यास तशी नोंद घ्यावी.'

ताईची हसून हसून पुरेवाट झाली. "अहो, तो माणूस आहे. गोदाम नाही."

"सूचना करायची नाही," नवरा म्हणाला. "वकीलबाईंनी तुला लांब राहायला सांगितलंय."

ती लांब राहिली. तो आतल्या खोलीत लिहायचा आणि ती बाहेर कसलीतरी मुद्रितं पुढ्यात घेऊन बसायची. कीबोर्डच्या कळा हळूहळू वाजत, थांबत, पुन्हा वाजत. मध्येच तो दारात येऊन विचारी, "झोप लागली आहे की नुसते डोळे मिटलेत, हे बघणाऱ्याने कसं ओळखायचं?" तिला उत्तर माहीत होतं. टाचणीने ते फार सुंदर सांगितलं होतं. "मला विचारू नका," ती म्हणे, आणि तो मान हलवून परत जाई. बऱ्याच वर्षांनी घरात दोघं एकाच कामाला लागली होती आणि त्याच कामापायी एकमेकांशी बोलायची चोरी झाली होती.

पुरं झालेलं प्रकरण त्याने एका रविवारी दुपारी तिच्या हातात दिलं आणि कपाटातून काहीतरी शोधायचं निमित्त करून तिथेच घुटमळत राहिला. ताईने पेन्सिल घेतली. पहिल्या पानातच तिला कळलं की 'सदर' गेलाय. प्रकरण चांगलं होतं. साधं, थोडं रांगडं, पण माणसाने माणसाला सांगावं तसं. पेंगणाऱ्याचा जबडा सैल पडतो, नुसते डोळे मिटलेल्याचा पडत नाही, हे तर टाचणीलाही सुचलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला. आणि तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

'बोलायला वेळ लागतो याचा त्रास बोलणाऱ्याला नसतो, ऐकणाऱ्याला असतो.'

अक्षर न् अक्षर टाचणीचं. स्वल्पविरामासकट.

असं वाक्य दोघांना वेगवेगळं सुचू शकतं का, याचा तिने प्रामाणिकपणे विचार केला. मग पुढे वाचलं. आणखी एक सापडलं. तिने पानं मांडीवर ठेवली.

"तुम्ही वाचलंय हे."

कपाटातली शोधाशोध थांबली. "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"पुष्कळदा," तो म्हणाला आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसला. "तुझे बाबा होते ना, तेव्हा. दुपारी माझी पाहणी लवकर आटपली की मी त्यांच्याकडे जायचो. तू छापखान्यात असायचीस. जाऊन करायचं काय हे मला कळेना. मग ते प्रकरण छापून घेतलं. खिशात असायचं."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस. आणि परवा विचारलंस तेव्हा तुझं तोंड असं झालं होतं की मला हो म्हणवेना. म्हटलं, एकदाचं लिहून टाकू, तुझी सुटका होईल. ती वाक्यं त्याची आहेत हे मला आठवलंसुद्धा नाही गं. मला वाटलं, माझीच."

ताईला राग यायला हवा होता. तो आला नाही. जे ऐकायला ती इतकी वर्षं आसुसली होती ते शेवटी ऐकायला मिळालं होतं, आणि नेमकं ज्या दिवशी ते ऐकायला नको होतं त्या दिवशी. या विनोदावर हसायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

"दोन वाक्यं काढून टाक," तो म्हणाला. "बाकीचं राहू दे. कोणाला कळणार आहे?"

"मला."

तिने वकीलबाईंना कळवलं: 'लेखक चालणार नाही. त्याने वाचलेलं आहे.' उत्तर लगेच आलं. वकीलबाईंनी लिहिलं होतं की मग ते वापरायला नको, कुठलं टाचणीचं आणि कुठलं ह्यांचं हे आता लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही, आणि ज्यांचा नवरा गुपचूप का होईना वाचतो त्या बाईबद्दल त्यांना वाईट वाटणार नाही. घाईवाल्याने कळवलं की प्रकरण गाळतो. दोन्ही निरोप वाचून ताई खुर्चीत मागे टेकली. प्रकरण गेलं. कुठल्यातरी घरात कोणीतरी आईला दिवसभर पाणी पाजत राहणार, आणि शेजारी बसा एवढंही त्यांना कोणी सांगणार नाही. तिला फार थकल्यासारखं वाटलं. आपणही सोडून द्यावं, खोली झाडून-पुसून द्यावी आणि पत्ता न ठेवता निघून जावं, असं तिच्या मनात आलं.

नवरा अजून तिथेच बसला होता.

"बाबा काय बोलायचे तुमच्याशी?" तिने विचारलं.

"काही नाही. क्रिकेट. शेजारच्यांचा रेडिओ."

"अहो, खरं सांगा."

तो तळहाताकडे बघत राहिला. "एकदा सगळी दुपार घालवून एक वाक्य काढलं त्यांनी. 'लेक यंत्राला भेटायला येते.'"

ताईने चष्मा काढला.

"रागाने नाही म्हणाले. हसल्यासारखं केलं. मी म्हटलं, तिला सांगू का? तर म्हणाले, 'नको. दमते.'"

ती रोज जायची. जाऊन पडदा सरळ करायची, दिव्याचा कोन बदलायची, प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते टिपून घ्यायची आणि घरी येऊन मंडळाला कळवायची. मंडळ तिचं कौतुक करायचं. 'माणसाशेजारी बसा' हे वाक्य तिला तेव्हाही पाठ होतं. ती बसली नव्हती, जावई बसला होता. ताईने तोंडावर पदर धरला आणि ती रडली, पोटभर, आणि नवऱ्याने तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही, नुसता खुर्ची ओढून शेजारी बसला.

ऊन उतरल्यावर तिने तोंड धुतलं, संगणक सुरू केला आणि लिहिलं, 'माझे वडील मला यंत्रातून कधी बोलले नाहीत ते माझ्या नवऱ्याला बोलले: लेक यंत्राला भेटायला येते. तुमच्या माणसावर हे म्हणायची पाळी आणू नका. यंत्राला हात लावायच्या आधी खुर्ची ओढा.'

मग तिने मुद्रितं तपासतात तसं ते पुन्हा वाचलं, शब्दाशब्दावर थांबून. यात टाचणीचं काही नव्हतं. हे त्याला सुचणंच शक्य नव्हतं. पाठ असलेलं सगळं प्रकरण मनात होतं, पण त्यातलं एकही वाक्य मध्ये आलं नव्हतं. दुसऱ्याचं म्हणावं असं एकच वाक्य होतं, आणि ते ज्याचं होतं तो माणूसही आता हयात नव्हता. पण त्याला वारस होती. ताई एकुलती एक, परवानगी द्यायला दुसरं कोणी नव्हतं. तिने ती दिली, घाईवाल्याला दोन दिवस थांबायला कळवलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.